चॅलेंजरचा चिखल

न्यूकॅसल शहरात हेन्री बोमन ब्रॅडी यांचा औषधांचा धंदा होता. धंदा चांगला चालत असे. पण कामातून सवड मिळाली की ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि समुद्राच्या गाळात सापडणारी, वाळूच्या कणाएवढी कवचे न्याहाळत राहत. १८७६ साली, चाळिशी नुकतीच ओलांडली असताना, त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'चॅलेंजर' हे जहाज साडेतीन वर्षांची सफर संपवून इंग्लंडला परतले. त्याच्या पोटात जगभरच्या समुद्रतळांचा चिखल होता. त्यातली सूक्ष्म कवचे, म्हणजे फोरॅमिनिफेरा, पुढे अभ्यासासाठी ब्रॅडींच्या हाती आली. १८८४ मध्ये त्यांचा अहवाल छापून झाला. आठशेच्या वर पानांचा मजकूर आणि सोबत ११५ चित्रफलक.

त्या फलकांच्या सोबतीने माझी सारी नोकरी सरली. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत मी फोरॅम निवडण्याचे काम केले. ब्रॅडींचा मूळ ग्रंथ आमच्याकडे नव्हता. बार्कर नावाच्या अभ्यासकाने १९६० साली ते सगळे फलक सुधारलेल्या नावांसह पुन्हा छापले होते, त्याची झेरॉक्स प्रत टेबलावर असे. कवच हाती लागले आणि ओळख पटेना, की फलक उघडायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शिळाछापाच्या चित्रात कवचावरचे छिद्रन् छिद्र, तोंडाची कड, कप्प्यांमधली खाच इतकी नेमकी उतरली आहे, की पुष्कळदा माझ्या भिंगाखाली जे दिसत नसे ते मला आधी चित्रात दिसे आणि मग कवचावर सापडे.

काम असे चाले. समुद्रतळाचा गाळ ओव्हनमध्ये वाळवायचा, वजन करायचे, रात्रभर पाण्यात भिजत ठेवायचा. सकाळी ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाची बारीक धार सोडून धुवायचा. चिकणमाती निघून जाते, वर पांढरट रेव उरते. ती वाळली की चौकटी आखलेल्या काळ्या ट्रेवर चिमूटभर पसरायची आणि ब्रशचे टोक ओले करून एकेक कवच उचलून स्लाईडवर ठेवायचे. आईला सुपात तांदूळ निवडताना पाहत वाढलेल्या मुलीला याहून जास्त शिकवावे लागले नाही. बोटांच्या जागी ब्रश आला, एवढेच. स्लाईडच्या कडेला पेन्सिलने लिहायचे: स्टेशन क्रमांक, तारीख, अक्षांश, रेखांश, खोली. आमच्या जुन्या सरांचा एकच दंडक होता. कवच हरवले तर दुसरे मिळेल, पण लेबल हरवले तर तो नमुना मेला.

या दंडकाचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर, २०२० साली एक शोधनिबंध वाचताना उमगला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपलेली 'चॅलेंजर'ची कवचे आणि 'तारा' या फ्रेंच शिडाच्या जहाजाने २००९ नंतर गोळा केलेली त्याच जातींची कवचे लिंडसी फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनो-सीटी स्कॅनखाली शेजारी शेजारी ठेवली. आजची सगळी कवचे जुन्यांपेक्षा पातळ निघाली. निओग्लोबोक्वाड्रिना ड्युटर्ट्रे या जातीत हा फरक ७६ टक्क्यांपर्यंत होता. ही जात मी आयुष्यभर निवडली आहे. जाड भिंतीची, टणक, ब्रशने उचलताना कधी न फुटणारी अशी तिची माझ्या मनात ओळख होती.

फोरॅम म्हणजे एका पेशीचा जीव. त्याला मेंदू नाही, अवयव नाहीत, तरी तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती कप्प्याकप्प्यांचे घर बांधतो. बहुतेक जाती तळाशी राहतात. पन्नासच्या आसपास जाती मात्र वरच्या पाण्यात तरंगत जगतात. त्यांना प्लवक फोरॅम म्हणतात. आयुष्य काही आठवड्यांचे. जीव संपला की रिकामे कवच खाली बसत जाते. लाखो वर्षे हा पाऊस चालू आहे, आणि खोल समुद्राच्या तळाचा जवळजवळ अर्धा भाग अशाच चुनखडी कवचांच्या गाळाने झाकलेला आहे. तिथल्या चमचाभर गाळात हजारोंनी कवचे असतात.

माणसाने ही कवचे फार पूर्वी पाहिली होती, पण ती कोणाची हे कळायला वेळ लागला. स्ट्रॅबो या ग्रीक प्रवाशाने इजिप्तच्या पिरॅमिडांपाशी मसुरीच्या दाण्यांसारखे खडे पाहिले आणि ते मजुरांच्या जेवणातले उरलेले दाणे असल्याची तिथली समजूत लिहून ठेवली. ते फोरॅमच होते, नाण्याच्या आकाराचे जुने जीवाश्म. १८२६ मध्ये आल्सिद दोर्बिन्यी या फ्रेंच अभ्यासकाने फोरॅमचे पहिले नीट वर्गीकरण केले, पण त्यांना माकूळ आणि नळ यांच्या कुळात टाकले, कारण कप्पे असलेले कवच त्याला तिथेच शोभेसे वाटले. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स हे नाव त्याचेच. नऊ वर्षांनी फेलिक्स द्युजार्दें याने दाखवून दिले, की आत कसलाही माकूळ नाही, नुसता जीवद्रव्याचा थेंब आहे.

मग आली तार. अटलांटिकच्या तळावरून युरोप-अमेरिका तारेची दोरी टाकायची, तर तळ कसा आहे हे कळायला हवे. १८५७ साली 'सायक्लॉप्स' या जहाजाने ती खोली मोजली आणि वर आलेला चिखल टॉमस हक्सली यांच्याकडे तपासायला गेला. चिखल कसला, जवळजवळ निव्वळ ग्लोबिजेरिना. त्यात हक्सलींना अतिशय बारीक चकत्याही दिसल्या, त्यांना त्यांनी कॉकोलिथ हे नाव दिले. तीन वर्षांनी 'बुलडॉग' जहाजावर जॉर्ज वॉलिक हे शल्यचिकित्सक गेले. यांचा जन्म कोलकात्याचा. वडील नॅथॅनिएल वॉलिक तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. वॉलिक यांनी त्या चकत्या एका गोलावर जडलेल्या पाहिल्या आणि त्या सजीवाच्या आहेत हे ओळखले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे पांढरे चुनखडीचे कडे ज्या द्रव्याचे आहेत, तेच द्रव्य अटलांटिकच्या तळाशी आजही साचत आहे, हे १८६८ मध्ये हक्सलींनी नॉरिच शहरात कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानात उलगडून सांगितले. विज्ञान कामगारांपुढे असे मांडायचे असते, हे मला त्यांच्याबद्दल फार आवडते.

पण एक भांडण मिटले नव्हते. ग्लोबिजेरिना जगते कुठे? वॉलिक ठामपणे म्हणत, तळाशी. 'चॅलेंजर'चे प्रमुख शास्त्रज्ञ वायव्हिल टॉमसन यांचेही मत तेच. मेजर ओवेन नावाच्या अधिकाऱ्याने १८६० च्या दशकात समुद्रप्रवासात बोटीमागे जाळी ओढून जिवंत ग्लोबिजेरिना वरच्या पाण्यात पकडल्या होत्या, पण त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते.

२१ डिसेंबर १८७२ रोजी 'चॅलेंजर' पोर्टस्मथहून निघाले. हे मूळचे लढाऊ जहाज. दोन सोडून बाकीच्या तोफा काढून त्यांच्या जागी प्रयोगशाळा, दोऱ्यांची वेटोळी, स्पिरिटच्या बरण्या आणि जाळी भरली होती. पुढे ६८,८९० सागरी मैल आणि ३६२ स्टेशने. प्रत्येक स्टेशनवर तेच काम: तागाच्या दोरीला जड लोखंडी वजन आणि नळी बांधून खाली सोडायची, तळ लागला की वजन सुटते, नळीत चिखल शिरतो, मग वाफेच्या यंत्राने दोरी वर ओढायची. आमच्या मालवणात तांडेल समुद्राची खोली वावेत सांगतात, तीच वाव इंग्रज खलाशी वापरत. २३ मार्च १८७५ रोजी पॅसिफिकमध्ये मारियाना बेटांच्या बाजूला ४,४७५ वाव दोरी गेली. म्हणजे आठ किलोमीटरच्या वर. दोरी खाली जायला आणि वर यायला तासन् तास लागत, आणि हे वर्षानुवर्षे, थंडीवाऱ्यात, त्याच त्या कामाला कंटाळलेल्या खलाशांनी केले. अहवालांच्या ५० खंडांवर त्यांची नावे नाहीत.

जॉन मरे हे त्या जहाजावरचे तरुण निसर्गअभ्यासक. हवा शांत असली की ते मलमलीची जाळी वरच्या पाण्यातून ओढत आणि त्यात आलेले तळाच्या चिखलाशी ताडून पाहत. स्टेशनामागून स्टेशन तेच दिसले: वर ज्या जाती तरंगतात, त्यांचीच कवचे खाली. उष्ण पाण्यात जाती पुष्कळ, थंड पाण्यात थोड्या, आणि खालच्या चिखलातही तसेच. वायव्हिल टॉमसन यांनी १८७४ मध्ये आपले मत बदलल्याचे रॉयल सोसायटीला कळवून टाकले. सफर अर्धी व्हायची असताना प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे म्हणणे मान्य करावे, ही गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगत असे.

मरे यांना आणखी एक दिसले, आणि आजच्या काळाला तेच जास्त लागू आहे. प्लवकांत पंखासारखे पाय हलवत पोहणाऱ्या इवल्या गोगलगाई असतात, टेरोपॉड. त्यांचे कवच काचेसारखे पातळ. वरच्या पाण्यात त्या सर्वत्र भेटतात, पण साधारण दीड हजार वावेखालच्या गाळात त्यांची कवचे दिसेनाशी होतात. ग्लोबिजेरिना आणखी खालपर्यंत टिकतात. अडीच हजार वावेच्या पुढे त्याही विरत जातात आणि उरतो नुसता लाल चिखल. वर जीव तेच, पाऊस तोच, मग कवचे गेली कुठे? मरे यांनी उत्तर दिले: विरघळली. खोल पाणी थंड, दाब मोठा आणि त्यात कार्बॉनिक आम्ल जास्त, म्हणून चुना त्यात टिकत नाही. रेनार या बेल्जियन भूवैज्ञानिकाबरोबर १८९१ मध्ये त्यांनी लिहिलेला समुद्रतळाच्या गाळावरचा खंड या शास्त्राचा पाया मानला जातो. टेरोपॉड आधी का विरघळतात, तर त्यांचे कवच ॲरागोनाइटचे असते आणि फोरॅमचे कॅल्साइटचे. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण स्फटिकांची रचना वेगळी, आणि ॲरागोनाइट लवकर विरघळतो. समुद्राचे पाणी आम्लाकडे झुकले की आधी कोणाला झळ लागणार, हे त्या चिखलात तेव्हाच लिहिलेले होते.

'चॅलेंजर'वरचे रसायनशास्त्रज्ञ बुकॅनन यांनी पाण्यातला कार्बॉनिक ॲसिड वायू मोजण्याचा प्रयत्न जहाजावरच केला. पण पाण्याची आम्लता मोजायचे माप तेव्हा जगात नव्हते. पीएच ही कल्पना १९०९ मध्ये सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा. त्याच कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानच्या पैशावर १९२८ साली 'डाना' हे जहाज जगप्रदक्षिणेला निघाले आणि अरबी समुद्राच्या तळाशी असलेल्या डोंगररांगेला कार्ल्सबर्ग हे नाव मिळाले. आपल्या समुद्राखालच्या डोंगराला डॅनिश नाव कसे, असे मला पुष्कळांनी विचारले आहे, ते असे.

१८७० च्या दशकात हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात २९० भागांच्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर आहे. माणसाने जाळलेल्या कोळसा-तेलातून निघालेल्या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्राने शोषला. पाण्यात विरघळल्यावर या वायूचे कार्बॉनिक आम्ल होते, त्यातले हायड्रोजन आयन सुटतात आणि पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. कवच बांधणाऱ्या जिवाला हवे असते कार्बोनेट, आणि तेच कमी पडते. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे. वरच्या पाण्याचा सरासरी पीएच ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ दिसतो, पण हे माप लॉगरिदमचे असल्याने हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्के वाढले असा त्याचा अर्थ.

हवेत कार्बन साचत जाणे धोक्याचे आहे असे पहिल्यांदा ज्यांनी ओळखले त्यांतले एक, रॉजर रेव्हेल, मुळात चिखलाचेच अभ्यासक होते. 'कार्नेगी' या जहाजाने १९२८-२९ मध्ये पॅसिफिकच्या तळावरून आणलेल्या गाळावर त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट केली. गाळात चुना का टिकतो, का विरघळतो, याचा विचार करता करता ते समुद्र किती कार्बन शोषू शकतो या प्रश्नाशी आले, आणि १९५७ मध्ये हान्स स्यूस यांच्याबरोबर त्यांनी दाखवले की लोक समजतात तितका तो शोषत नाही. पुढच्याच वर्षी हवाईच्या मौना लोआ डोंगरावर कीलिंग यांची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली.

'चॅलेंजर' आपल्या समुद्रात कधी आले नाही. केपहून ते थेट दक्षिणेला, कर्गेलेन बेटांवरून अंटार्क्टिक वृत्त ओलांडून मेलबर्नला गेले. अरबी समुद्राची पाळी आली मरे यांच्या मृत्यूनंतर. ख्रिसमस बेटावर फॉस्फेट आहे हे मरे यांनी एका दगडाच्या तुकड्यावरून ओळखले, १८८८ मध्ये ब्रिटनने ते बेट ताब्यात घेतले आणि खाणीतून मोठा पैसा आला. 'चॅलेंजर'च्या सफरीवर झालेला सगळा खर्च सरकारला त्या बेटातून परत मिळाला, असे मरे सांगत. १९१४ मध्ये मोटार अपघातात ते गेले. त्यांनी ठेवलेल्या पैशातून १९३३-३४ ची जॉन मरे मोहीम निघाली. जहाज होते इजिप्त सरकारचे 'मबाहिस', ब्रॅडींच्याच न्यूकॅसलजवळ बांधलेले. प्रमुख होते सेमूर स्युएल, जे त्याआधी आपल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते. त्यांच्या जाळ्यांत काही ठिकाणी मधल्या खोलीवर जवळजवळ काहीच जिवंत आले नाही, आणि चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येत होता. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला थर आहे, त्याची ही साक्ष. १९३९ मध्ये स्टबिंग्ज यांनी त्या मोहिमेच्या गाळावर अहवाल लिहिला.

हा थर आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणजे हे पाणी जात्याच आम्लाकडे झुकलेले. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर खालचे पाणी वर येते, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात कमी प्रमाणात आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही. त्या थंड, पौष्टिक पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइड्स भरभरून वाढते; इतकी, की गाळातले तिचे प्रमाण पाहून हजारो वर्षांपूर्वीचा पावसाळा जोराचा होता की दुबळा हे सांगता येते. पण ज्या पाण्यावर तिची चंगळ, त्याच पाण्यात कवच बांधणे अवघड. अरबी समुद्रातले फोरॅम ही कसरत पूर्वीपासून करत आले आहेत. आता वरूनही कार्बन आणि खालूनही कार्बन, अशी त्यांची कोंडी आहे.

२००९ मध्ये दोन अभ्यास आले. एक दक्षिण महासागरातला, टास्मानियाच्या दक्षिणेचा. ॲण्ड्र्यू मॉय आणि सहकाऱ्यांनी पाण्यात टांगलेल्या सापळ्यांतली बुलॉइड्सची कवचे तळातल्या जुन्या कवचांशी तोलली; आजची ३० ते ३५ टक्के हलकी भरली. दुसरा सोमालियाजवळच्या अरबी समुद्रातला, ग्लोबिजेरिनॉइड्स रुबर या जातीवरचा. तिथेही गाळाच्या वरच्या थरातली कवचे पातळ आणि हलकी. त्या लेखकांनी मात्र शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह ठेवले. मला हे योग्य वाटते. कवच पातळ होण्याची कारणे अनेक असतात: पाणी तापणे, अन्न कमी होणे, वाढीचा वेग, तळाशी पडल्यावरचे विरघळणे. 'चॅलेंजर'-'तारा' तुलनेतही नमुने मोजके आहेत. आणि सगळे प्लवक एकाच रीतीने वागत नाहीत. कॉकोलिथ बनवणाऱ्या एमिलियानिया हक्सलीआय या शैवालाने प्रयोगशाळेत जास्त कार्बनमध्ये उलट जाड चकत्या बनवल्याचे २००८ मध्ये छापून आले, तर पुढच्या काही वर्षांत समुद्रातल्या नमुन्यांत चकत्या पातळ असल्याचे निघाले. त्या नावातले हक्सली म्हणजे सायक्लॉप्सचा चिखल तपासणारे हक्सलीच.

टेरोपॉडच्या बाबतीत मात्र शंकेला फारशी जागा नाही. २००८ मध्ये दक्षिण महासागराच्या स्कोशिया समुद्रातून जिवंत पकडलेल्या लिमॅसिना या टेरोपॉडच्या कवचावर, जीव आत असतानाच, आम्लाने खाल्ल्याच्या खुणा होत्या. खोल तळाच्या चिखलात मरे यांनी मेलेल्या कवचांवर पाहिले, ते आता वरच्या पाण्यात जिवंतांवर दिसते आहे. मला या सगळ्या शोधांत हा एक सर्वांत जास्त बोचतो.

तापण्याचा हिशोबही 'चॅलेंजर'नेच मागे ठेवला आहे. त्यांच्या थर्मामीटरांच्या नोंदी आजच्या तरंगत्या आर्गो यंत्रांच्या नोंदींशी २०१२ मध्ये ताडल्या गेल्या. पृष्ठभागाचे पाणी सरासरी ०.५९ अंश सेल्सिअसने तापले होते. प्लवकांना हे जाणवते. २०१९ मध्ये योंकर्स आणि सहकाऱ्यांनी औद्योगिक काळापूर्वीचा गाळ आणि अलीकडच्या सापळ्यांतले फोरॅम यांची जगभर तुलना केली. आजच्या समुद्रात जिथे तिथे जास्त उबदार पाण्याच्या जाती जमल्या आहेत. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासाप्रमाणे गेल्या आठ दशकांत प्लवक फोरॅमची संख्या सुमारे २४ टक्क्यांनी घटली, आणि ध्रुवांकडे सरकूनही त्यांची सुटका होत नाही. फोरॅम आपली जागा शोधत जातो असे नाही. प्रवाह त्याला नेतो, जिथे जमते तिथे तो वाढतो, बाकीचे मरतात.

आता आपल्याकडच्या साठ्यांविषयी, कारण मला लिहायचे होते ते मुख्यतः हे. रेव्हेल यांच्याच पुढाकाराने उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६० ते १९६५ या काळात झाली. अनेक देशांची जहाजे होती, आपले 'आयएनएस किस्तना' होते. सगळ्यांनी एकाच मापाच्या जाळ्याने, दोनशे मीटरपासून वर, प्लवक ओढले, आणि जवळजवळ दोन हजार नमुने कोचीच्या केंद्रात निवडायला आले. त्याच मोहिमेतून १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली, जिचे मुख्यालय पुढे गोव्यात दोना पावलाला झाले. हिंदी महासागरात साठ वर्षांपूर्वी काय तरंगत होते याचा एवढा एकसंध पुरावा जगात दुसरा नाही.

पण जाळ्याची भोके ०.३३ मिलिमीटरची होती, म्हणजे लहान फोरॅम निसटले. मोठे आले ते फॉर्मॅलिनमध्ये गेले. फॉर्मॅलिन वर्षानुवर्षे ठेवले की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होते, आणि बोरॅक्स किंवा हेक्झामिन वेळेवर घातले नाही तर चुन्याचे कवच बाटलीतच विरघळते. मासळीची पिल्ले, झिंगे, कोपेपॉड मात्र शाबूत राहतात, त्यामुळे बाटलीकडे पाहून कोणाला काही कळत नाही. जगातल्या प्लवक संग्रहांतून कितीतरी टेरोपॉड आणि फोरॅम असे नाहीसे झाले. 'चॅलेंजर'ची कवचे टिकली याचे एक कारण हेच: त्या काळी फॉर्मॅलिन वापरात आले नव्हते. स्पिरिट होते, आणि चिखल वाळवून काचेच्या नळ्यांत भरलेला होता.

म्हणून कवचांसाठी वाळवलेला गाळ हा जास्त भरवशाचा साठा. आपल्या विद्यापीठांच्या भूविज्ञान विभागांत, जुन्या संशोधन-प्रकल्पांच्या कपाटांत, निवृत्त प्राध्यापकांच्या मागे उरलेल्या खोक्यांत अशा नळ्या आणि स्लाईड पडलेल्या असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'गवेषणी' आणि 'सागर कन्या' या आपल्या जहाजांनी अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातून आणलेला गाळ त्यात आहे. तो आणताना कोणाच्या डोक्यात आम्लीकरण नव्हते. कोणी तेल शोधत होता, कोणी मोसमी वाऱ्यांचा इतिहास. ब्रॅडी तरी कवचाची जाडी कुठे मोजत होते? त्यांना जाती ओळखायच्या होत्या. खोली बदलते, इमारत रंगवायला काढतात, प्रमुख बदलतात आणि 'ही माती कसली' म्हणून खोकी जिन्याखाली जातात. एका ठिकाणी अशी खोकी मी स्वतः पाहिली: लेबलांची शाई उडालेली, काही नळ्यांची बुचे बुरशीने काळी. ज्या नळ्यांवर पेन्सिलने लिहिले होते त्या वाचता येत होत्या. त्या आम्ही वेगळ्या काढल्या, नव्या नळ्यांत भरल्या, जुने लेबल आत आणि नवे बाहेर असे दोन्ही ठेवले, आणि स्टेशनांची यादी संगणकावर चढवली.

हेच काम आता माझ्याकडे आलेल्या दोन मुली करतात. एकीला बुलॉइड्स आणि रुबर ओळखता येऊ लागले आहेत. ड्युटर्ट्रेच्या तोंडाशी असणारा दात दिसायला अजून थोडे दिवस लागतील. फॉर्मॅलिनची बाटली हाती आली तर पहिल्यांदा द्रवाचा पीएच मोजायचा, मग झाकणावर तारीख घालून तो आकडा लिहायचा, आणि त्यानंतरच नमुन्याला हात लावायचा, हे त्यांना पाठ आहे. सीटी स्कॅनची सोय होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक नमुन्यातली एकाच आकारमानाची पन्नास कवचे सूक्ष्म तराजूवर तोलून सरासरी वजन नोंदवता येते. १९७० च्या दशकातल्या नळ्यांपासून आम्ही तिथूनच सुरुवात केली आहे.